आत्याचं नाणं

जेवणाची भांडी उचलली गेली, ओल्या फडक्याने टेबल पुसले गेले, आणि ते कोरडे झाल्याची बोटाने खात्री करून घेतल्यावरच अप्पांनी आपली फाइल उघडली. फाइलचे चार विभाग होते: नाणे, विक्रेती, रक्कम आणि अडचणी. पहिल्या तीन विभागांत मिळून अकरा कागद होते. चौथ्यात एकोणीस.

"बैठकीला सुरुवात करू या," अप्पा म्हणाले.

"बैठक कशाला म्हणायचं?" आई म्हणाली. "सगळे इथेच तर जेवत होते."

छत्तीस वर्षे यंत्रांच्या कारखान्यात तपासणी विभागात काढलेल्या माणसाला असल्या शेऱ्यांची सवय असते. अप्पांनी चष्मा बदलला आणि पहिला कागद टेबलाच्या मधोमध सरकवला. त्यावर एका चांदीच्या नाण्याचे छायाचित्र होते. नाण्यावर शिडाचे जहाज होते, आणि जहाज सरळ धरले असता डाव्या काठावर कानशीने घासलेली एक बारीक खाच दिसत होती.

ती खाच ओळखणार नाही असे त्या घरात कोणी नव्हते. आजोबा बोटीवर इंजिनखोलीत कामाला असत, आणि एका फेरीत त्यांनी दोन मुलांसाठी दोन सारखी नाणी आणली होती. भावंडांत भांडण नको म्हणून त्यांनी एकाच्या उजव्या काठाला खाच पाडली, दुसऱ्याच्या डाव्या. उजवे अप्पांचे, डावे त्यांच्या थोरल्या बहिणीचे. अप्पांचे अजून कपाटात होते, मऊ कापडात गुंडाळलेले. बहिणीचे, म्हणजे अप्पांच्या अक्काचे आणि मुलांच्या आत्याचे, ती एकोणीस वर्षांची असताना हरवले होते.

ते इतके हरवले होते की घराच्या भाषेत कायमचे जाऊन बसले. चष्मा सापडेनासा झाला की "चष्म्याचं आत्याचं नाणं झालं" असे म्हणत. किल्ल्यांचे होई, छत्र्यांचे होई. धाकट्याच्या लग्नात तर अर्धा तास खुद्द फोटोग्राफरचे आत्याचे नाणे झाले होते.

आणि आता ते नाणे समुद्रापलीकडच्या एका गावात, कुण्या दिवंगत घड्याळजीच्या संग्रहात निघाले होते. त्याची पत्नी संग्रह विकायला बसली होती.

"मुद्दा पहिला," अप्पा म्हणाले. "या बाई आज आपल्या सहा वाजेपर्यंत थांबणार. पैसे पाठवल्याची बँकेची पावती त्यांना मिळाली, तर नाणं आपलं. नाहीतर उद्या एक संग्राहक स्वतः येऊन सगळा डबाच उचलून नेणार आहे. आत्ता वाजलेत अडीच."

"दोन सदतीस," धाकटा म्हणाला. त्याचे औषधांचे दुकान होते आणि मुदत संपण्याच्या तारखांशी त्याचा रोजचा संबंध येई. "आणि मुद्दा दुसरा मी सांगतो. हा प्रकार मला सरळ वाटत नाही."

"तुला काय सरळ वाटतं?" ताई म्हणाली. ती बँकेत, परदेशी पैसे पाठवण्याच्या खिडकीवर बसे. भावाने पैशांबद्दल तोंड उघडले की तिची भुवई आपोआप वर जाई.

"वस्तू हातात पडेपर्यंत पैसे मध्ये अडवून ठेवतात अशा साइट असतात. तिथून घ्यावं. वस्तू खोटी निघाली तर पैसे परत. थेट खात्यावर पाठवलेले पैसे म्हणजे गेले ते गेले. बरोबर ना, ताई?"

"ते बरोबर आहे," ताईला कबूल करावे लागले.

"कागद सात," अप्पा म्हणाले. "तशा साइटबद्दल मी विचारलं होतं. उत्तर असं आलं, की या वयात त्यांचा फक्त दोघांवर विश्वास उरलाय. एक त्यांची बँक आणि दुसरा त्यांचा पोस्टमन. पोस्टमनवर जरा जास्त."

आई हसली. "मला आवडली ही बाई."

"आई, तुला आवडण्यासाठीच लिहिलंय ते," धाकटा म्हणाला. "रक्कम बघितलीस का? दुकानात नवा फ्रिज येईल एवढ्यात."

"तो तुझ्या दुकानात नाहीतरी येणार नाहीच," आई म्हणाली.

*

ताईला खरे दुःख वेगळ्याच गोष्टीचे होते. घरात परदेशी व्यवहाराची खिडकी चालवणारी मुलगी असताना वडिलांनी तिला न विचारता, आपल्या पद्धतीने, मागच्या आठवड्यात एक व्यवहार करून टाकला होता. तिला तो कळला तो चौथ्या विभागातल्या कागदांवरून, म्हणजे आत्ता.

"अप्पा, हे काय आहे? तुम्ही पाच पाठवले? त्यांच्या चलनात नुसते पाच?"

"चाचणी," अप्पा म्हणाले. "पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नसतं. खातं बरोबर आहे का, मार्ग बरोबर आहे का, किती दिवस लागतात. सगळं आधी पाच पाठवून बघितलं. मग पूर्ण रक्कम."

"आणि खर्च कोणी भरायचा, तिथे काय लिहिलंत?"

"तीन पर्याय होते. सगळा पाठवणाऱ्याने, सगळा घेणाऱ्याने, किंवा वाटून. मी वाटून लिहिलं. तेच न्यायाचं आहे."

ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. खिडकीपलीकडच्या माणसाला समजावताना ती असेच ठेवत असे. "आपली बँक आणि त्यांची बँक यांच्यामध्ये आणखी एक बँक असते. पैसे तिच्या हातून जातात. वाटून लिहिलं, की ती आपला आकार त्या रकमेतूनच कापून घेते. तो आकार पाचापेक्षा मोठा असतो, अप्पा."

"ते मला नंतर कळलं," अप्पा म्हणाले आणि कागद अकरा हलकेच पुढे केला.

धाकट्याने तो झडप घालून उचलला आणि बाईंचे पत्र मोठ्याने वाचले: "'महोदय, आपण पाठवलेले काहीच नाही आज सुखरूप पोहोचले. माझ्या बँकेने तसे रीतसर कळवले आहे. इतक्या दुरून, इतक्या अचूकपणे मला आजवर कोणी काहीच नाही पाठवले नव्हते.'"

आईने पदर तोंडाला लावला. ताईने खिडकीबाहेर पाहिले. अप्पा मात्र निर्विकार होते. चाचणीत दोष सापडला, म्हणजे चाचणी यशस्वी झाली, असे त्यांचे मत होते.

"थांबा, हसू नका," धाकटा म्हणाला, कारण तो पुढे वाचत होता. "हे ऐका. 'पतीच्या नावाचे ते खाते आता बंद होत आहे. कृपया रक्कम खाली दिलेल्या नव्या खात्यावर पाठवावी.' झालं! मी काय म्हणत होतो? आधी गोड पत्र लिहायचं, माणूस हसला की खातं बदलायचं. हीच पद्धत असते यांची."

टेबलाभोवतीचे हसू थांबले. हे खरेच होते, आणि ते किती खरे होते हे ताईला सर्वांत जास्त माहीत होते. शेवटच्या क्षणी बदललेल्या खात्यावर पैसे पाठवून नंतर रडत आलेले लोक तिने आपल्या खिडकीवर पाहिले होते.

"यात तो बरोबर बोलतोय," ती म्हणाली. भावाशी सहमत होणे तिला जड गेले, पण धंद्यापुढे नाते नव्हते.

"वा," आई म्हणाली. इतका वेळ ती बसल्या जागेवरून गंमत पाहत होती. आता तिने खुर्ची अप्पांकडे वळवली. "नवरा गेल्यावर त्याचं खातं बंद होतं यात लबाडी कुठून आली? माझ्या बहिणीचंही झालं होतं. सहा महिने खेपा घालत होती बिचारी. तेव्हा तिला कोणी ठग म्हणालं नाही."

"आई, मावशीला आपण ओळखतो."

"मग हिलाही ओळखून घ्या. त्यासाठीच तर बसलोय ना?"

*

आत्या आतापर्यंत काही बोलली नव्हती, आणि हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, हे त्या घरात जरा आश्चर्यच होते. ती टेबलाच्या टोकाला बसून रुमालाला टीप घालत होती. चाळीस वर्षे शिवणवर्ग चालवलेल्या हाताला पाहावे लागत नाही. ती पाहत होती अप्पांच्या हाताकडे.

अप्पांनी जुनी ड्रॉइंगची पेटी उघडली होती. निळ्या मखमलीचा रंग आता राखेसारखा झाला होता, पण प्रत्येक उपकरण आपापल्या खाचेत होते. त्यांनी डिव्हायडर काढला आणि छायाचित्रातल्या पट्टीवरून जहाजाच्या डोलकाठीपासून खाचेपर्यंतचे अंतर घेतले, मग तेच आपल्या नाण्याच्या छायाचित्रावर ठेवून पाहिले.

टेक्निकल कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून ते हीच पेटी वापरत होते. बाबांची मनीऑर्डर आली, असे तिने तेव्हा सांगितले होते. मनीऑर्डर त्यानंतर दोन महिन्यांनी आली होती, आणि तीही धान्याच्या दुकानापर्यंतच पोहोचली होती.

तिला लपवायचे असे काही नव्हते. सुरुवातीला तर ती नाणे सोडवून आणून गुपचूप जागच्या जागी ठेवणार होती. भावाचा पहिला पगार झाला, त्या आठवड्यात ती त्या जुन्या वस्तूंच्या दुकानावर गेली, तर तिथे छत्र्या विकायला मांडल्या होत्या. दुकानदार वारला होता, माल कोणी तरी उचलून नेला होता. तोवर घरात "आत्याचं नाणं" रुळले होते आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो हाच, पेटी उघडून बसलेला. आता सांगावे तर तो पुन्हा कधी ती मोकळ्या मनाने उघडणार नाही. म्हणून ती हरवणारी बहीण झाली, आणि खरे सांगायचे तर ते काम तिला बरेच जमले. मात्र नाणे परत घरात आले, की ते तिकडे गेले कसे हा प्रश्नही त्याच्या पाठोपाठ दारातून आत येणार होता, आणि प्रश्न पुरा सुटेपर्यंत जेवायला न उठणारा माणूस समोरच बसला होता.

"मी म्हणते, नकोच ते," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले.

"नको म्हणजे?" अप्पा म्हणाले. "अक्का, तुझं नाणं आहे ते."

"माझं होतं. मी हरवलं, विषय संपला. आता या वयात चांदीचं जहाज घेऊन मी जाणार आहे कुठे? पोराला फ्रिज घेऊ दे."

"आत्या, मी तुझ्या बाजूने आहे," धाकटा घाईने म्हणाला. आत्या आपल्या बाजूने असण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

"वन्सं, तुम्ही?" आई म्हणाली. "एक बटण हरवलं तर तुम्ही पलंग हलवायला लावता."

"बटण उपयोगाचं असतं."

अप्पांनी डिव्हायडर मिटून ठेवला. तेवढे करायलाही त्यांना जरा वेळ लागला. "मला वाटलं होतं, तुला आनंद होईल," ते म्हणाले. एवढेच, आणि त्याला कोणताही कागद क्रमांक नव्हता.

आत्याने रुमालावर चुकीच्या जागी टीप घातली.

*

"आधी बाई खऱ्या की खोट्या ते ठरू दे," ताई म्हणाली. "आमच्याकडे नियम आहे. खातं बदललं की फोन करायचा. पत्रातल्या नंबरवर करायचा नाही. पत्र खोटं असेल तर नंबरही त्याचाच असणार. दुसरीकडून मिळालेला नंबर आहे का, अप्पा?"

"कागद चार," अप्पा म्हणाले. घड्याळजीने दहा वर्षांपूर्वी एका संग्राहकाला दिलेल्या पावतीची ती प्रत होती. माथ्यावर दुकानाचा फोन छापलेला होता. ती कुठून मिळवली हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

ताईने नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. बराच वेळ वाजून तो उचलला गेला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, आणि आवाजामागे टिकटिक. एका घड्याळाची नव्हे, अनेकांची. ताई त्यांच्याशी दोघींना येणाऱ्या परक्या भाषेत बोलू लागली आणि मध्ये मध्ये थांबून घरच्यांना सांगू लागली.

"त्या म्हणतात, काहीच नाही पाठवणारे गृहस्थ तुम्हीच का?"

"होय म्हणून सांग," अप्पा म्हणाले.

"त्या म्हणतात, जरा थांबा."

का थांबायचे ते लगेच कळले. तिकडे अकरा वाजले. आधी एका घड्याळात वाजले, मग त्याच्याशी सहमत नसलेल्या दुसऱ्यात, मग एकदम तिघांत. जवळजवळ दोन मिनिटे अकरा वाजतच राहिले. अप्पांच्या चेहऱ्यावर यातना दिसू लागल्या.

"यांची घड्याळं जुळवलेली नाहीत," ते कुजबुजले.

ताईने विचारले आणि हसली. "त्या म्हणतात, नवऱ्याने मुद्दामच जुळवली नाहीत. गिऱ्हाइकांची तेवढी जुळवून द्यायचे. घरातल्या प्रत्येकाला आपापलं मत असू द्यावं, म्हणायचे."

"आपल्याकडेही तेच आहे म्हणावं," आई म्हणाली.

धाकट्याने हात वर केले. "ठीक आहे. एवढी घड्याळं कोणी फसवण्यासाठी भाड्याने आणत नाही."

मग खात्याचा क्रमांक एकेक आकडा करून तपासला गेला. बाई वाचत, ताई सांगत, अप्पा खूण करत. शेवटचे चार आकडे अप्पांनी उलट्या क्रमानेही पडताळून घेतले. पत्रातला आणि फोनवरचा क्रमांक जुळला.

ताई फोन ठेवणार इतक्यात बाई पुन्हा बोलू लागल्या. ताई ऐकत राहिली.

"त्या विचारतायत, नाण्याबरोबर एक कागदाची पुडी आहे, तीही पाठवू का? नाणं पहिल्यापासून तिच्यातच होतं. वर काही तरी लिहिलंय, त्यांना लिपी येत नाही. नवरा म्हणायचा, दुकानदाराने किंमत लिहिली असेल. या म्हणायच्या, एवढ्या ओळींची किंमत नसते, हे प्रेमपत्र आहे. तीस वर्षं पैज लागली होती त्यांची. फोटो पाठवतायत. वाचून सांगा म्हणतात."

आत्या उठली. "मी जरा पडते."

"बस गं आत्या, प्रेमपत्र ऐकून जा," धाकटा म्हणाला, आणि फोन हातात घेऊन, आलेला फोटो बोटांनी मोठा करून, नाटकी आवाजात वाचू लागला.

"'हे नाणे विकू नये. भावाच्या ड्रॉइंगच्या पेटीसाठी ठेवले आहे. त्याला नोकरी लागली की सोडवून…'"

नाटकी आवाज तिथेच संपला. "'सोडवून नेईन,'" त्याने साध्या आवाजात वाक्य पुरे केले. खाली सही होती. शिवणवर्गाच्या पाटीवर, आलेल्या प्रत्येक राखीच्या पाकिटावर, लोणच्याच्या बरण्यांवर याच वळणाची अक्षरे होती.

*

अप्पांनी फोन घेतला, चष्मा बदलला, फोटो पाहिला. मग पेटीकडे पाहिले. मग पुन्हा फोटो. तपासणीत कोणतेही माप एकदाच घेत नाहीत.

त्यांना पुष्कळ गोष्टी एकाच वेळी आठवल्या. छत्रीचे आत्याचे नाणे झाले तेव्हा आपण किती हसलो. निवृत्तीच्या दिवशीच्या भाषणातही तो विनोद आपण कसा केला, आणि पहिल्या रांगेत बसून अक्काने टाळी कशी दिली. कॉलेजात तीन वर्षे वर्गातली सर्वांत चांगली पेटी आपली होती, याचा त्यांना किती अभिमान होता. छत्तीस वर्षे त्यांच्या हातून एकही सदोष नग पुढे गेला नव्हता. हा मात्र रोज समोर होता, आणि गेला होता.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. आत्या उभीच होती, खुर्चीची पाठ धरून.

"अक्का," अप्पा शेवटी म्हणाले, "यावर तारीख नाही."

"काय?"

"कागदावर तारीख टाकली नाहीस. असा कागद माझ्याकडे आला असता तर मी परत पाठवला असता."

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. चष्म्यामागचे डोळे तिने शाळेत पोहोचवायला जातानाही पाहिले होते, तसेच ते होते. ती खुर्चीवर बसली.

"घाई होती," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुझं कॉलेज सुरू व्हायचं होतं. आणि तुला सवय आहे, एखादी वस्तू नसली की तोंड पाडून बसायची."

"मला नाही तशी सवय."

"आत्ता बघ आरशात."

आई उठून आत गेली आणि काहीही न आणता परत आली. धाकटा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आत्याचं नाणं हरवलंच नव्हतं. मग आता किल्ल्या सापडल्या नाहीत तर आम्ही म्हणायचं काय?"

"तेच म्हणा," आत्या म्हणाली. "सवय झाली आहे मला. फक्त किल्ल्या गहाण टाकून शोधत बसू नका."

"तीन छप्पन्न," अप्पा एकदम म्हणाले. ताईने लॅपटॉप पुढे ओढला आणि बँकेचा फॉर्म उघडला. नाव, खाते, बँकेचा संकेत, रक्कम. ती एकेक रकाना वाचून दाखवत गेली, अप्पा मान डोलावत गेले.

"पैसे कशासाठी? संग्रहाची वस्तू, असं लिहिते. खर्च? पुन्हा वाटून?"

"नाही," अप्पा म्हणाले. "सगळा पाठवणाऱ्याकडे."

"अर्धा मी देते," आत्या म्हणाली. "नाणं माझं आहे."

"तुझा वाटा आधीच पोहोचलेला आहे." अप्पांनी पेटी मिटली, पण हात तिच्यावरून काढला नाही. "तू गप्प बस."

"आणि अप्पा, पहिला नग?" ताईने चेहरा गंभीर ठेवण्याचा बराच प्रयत्न केला. "आधी पाच पाठवून बघायचे का?"

"थेट पाठव."

बटण दाबले गेले. पावती आली, ताईने ती तिकडे धाडली. फोन अजून चालूच होता आणि घड्याळे एकमेकांशी वाद घालत टिकटिकत होती. बाईंनी काही तरी विचारले.

"पावती मिळाली म्हणतात. नाणं उद्याच्या टपालाने निघेल, पुडीसकट," ताई म्हणाली. "पण पैज कोण जिंकलं ते आधी सांगा म्हणतात. काय सांगू, आत्या? काय लिहिलंय म्हणून सांगू?"

आत्याने रुमाल उचलला आणि चुकलेली टीप उसवायला घेतली.

"जे लिहिलंय ते सांग. पैज त्यांनीच जिंकली म्हणावं." तिने दोरा दातांनी तोडला. "आणि हेही सांग, की सोडवायला यायला आम्हाला जरा उशीर झाला."